आधी फाईल मोकळी करा, प्रोग्राम नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या स्वयंसेवी संस्थेत संगणकांची जबाबदारी सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने सगळ्या मशीनवर वर्डऐवजी लिब्रेऑफिस बसवलं, म्हणजे ज्याचा सोर्स कोड (प्रोग्राम ज्यात लिहिला जातो तो मूळ मजकूर) सगळ्यांना खुला असतो असं मुक्त ऑफिस पॅकेज. लगेच कुरबुरी सुरू झाल्या. बाहेरून आलेली पत्रं उघडली की मांडणी विस्कटते, तक्ते पुढच्या पानावर घसरतात. इकडून पाठवलेली ओडीटी (लिब्रेऑफिस आपणहून ज्यात जतन करतं त्या फॉरमॅटमधली) फाईल ‘उघडत नाही’ म्हणून परत येते. एक सहकारी विचारतो, ‘सोर्स कोड आपल्यापैकी कोण वाचणार आहे?’ अध्यक्ष म्हणतात, जुनंच परत बसवा. या सगळ्यांना पटवायचं कसं, आणि पटलंच नाही तर आग्रह सोडून द्यायचा का?

आग्रह सोडू नका, पण त्याचा रोख बदला. तुम्ही प्रोग्रामपासून सुरुवात केलीत. ती फाईलपासून करावी लागते, हे मी अनेक कार्यालयांतून हेच काम करताना पाहिलं आहे. संस्थेचे ठराव, हिशेब, सभासदांची यादी, जुने अहवाल हे सगळं वीस वर्षांनीही कुणालाही, कुठल्याही संगणकावर, कुणाची परवानगी न घेता उघडता आलं पाहिजे, ही मागणी अध्यक्षांपासून टायपिंग करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळते आणि पटते. ती एकदा मान्य झाली की प्रोग्रामवरून होणारी भांडणं आपोआप निवळतात, कारण मग एका टेबलावर लिब्रेऑफिस आणि शेजारच्या टेबलावर वर्ड असं सुखाने चालू शकतं.

पण त्याआधी विस्कटलेली मांडणी दुरुस्त करा. ज्याचं पत्र आज संध्याकाळच्या आत जायचं आहे त्याला वापरकर्त्याच्या स्वातंत्र्याबद्दल सांगत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा तक्ता जागेवर बसवून द्या. मुक्त सॉफ्टवेअरचा त्याहून चांगला प्रचार मला माहीत नाही.

मांडणी बिघडण्याचं मुख्य कारण फॉन्ट. बाहेरून आलेल्या डॉक्स, म्हणजे वर्डच्या, फाईलमध्ये बऱ्याचदा कॅलिब्री किंवा कॅम्ब्रिया असतो. हे फॉन्ट मालकी हक्काचे, त्यामुळे ते लिब्रेऑफिससोबत वाटता येत नाहीत. फाईलमध्ये नाव लिहिलेला फॉन्ट मशीनवर सापडला नाही की प्रोग्राम दुसरा लावतो. त्यातल्या अक्षरांची रुंदी किंचित जरी वेगळी असली तरी ओळ वेगळ्या शब्दावर तुटते, परिच्छेद एका ओळीने वाढतो, आणि पानाच्या तळाशी असलेला तक्ता खाली जातो. यावर उपाय तयार आहे. कार्लिटो हा फॉन्ट कॅलिब्रीच्या आणि कॅलाडिया हा कॅम्ब्रियाच्या मापाने बनवलेला आहे. अक्षराचं वळण वेगळं, पण प्रत्येक अक्षराची रुंदी तीच. टाइम्स न्यू रोमन, एरियल आणि कुरियर न्यू यांच्यासाठी रेड हॅट या कंपनीने २००७ मध्ये लिबरेशन फॉन्ट खुले केले. हे सगळ्या मशीनवर आहेत ना, ते आधी तपासा. इंग्रजी मजकुराच्या तक्रारी तिथेच निम्म्याहून कमी होतील.

देवनागरीचं दुखणं थोडं निराळं आहे. वर्ड असो वा लिब्रेऑफिस, मजकुराच्या एकाच तुकड्यासाठी इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा नोंदवलेला असतो. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ अशी एक चौकट आहे. तिच्यात खूण केलेली नसेल तर शैलीच्या खिडकीत देवनागरीच्या फॉन्टचा भाग दिसतच नाही, आणि माणूस इंग्रजीचा फॉन्ट पुन्हा पुन्हा बदलत बसतो. त्यात भर म्हणजे फाईलमध्ये विंडोजचा मंगल फॉन्ट असतो, तुमच्याकडे दुसरा काही लागतो, आणि दोघांची ओळीची उंची जुळत नाही. संस्थेसाठी एकच खुल्या परवान्याचा देवनागरी फॉन्ट ठरवून टाका, मुक्ता किंवा नोटो, आणि तो विंडोजच्या मशीनवरही बसवा. लेटरहेडचा आणि अहवालाचा नमुना त्याच फॉन्टमध्ये करून द्या.

राहिलेल्या तक्रारींचं मूळ बहुधा टायपिंगच्या सवयीत सापडतं. तारीख उजवीकडे न्यायला तीसेक स्पेस, नवं पान हवं म्हणून एंटरवर एंटर. अशी फाईल वर्डच्याही दुसऱ्या आवृत्तीत हलते. शीर्षकाला शैली लावणं, टॅब आणि पेज ब्रेक वापरणं एवढं शिकवलंत तर लोकांचं रोजचं कामही हलकं होतं. ही शिकवणी प्रोग्राम बदलण्याच्या नावाखाली करू नका, स्वतंत्रपणे करा. लोक ती कृतज्ञतेने लक्षात ठेवतात.

आता बाहेर जाणाऱ्या फाईली. पाठवण्याआधी एकच गोष्ट विचारा: समोरच्याला यात बदल करायचे आहेत का? करायचे नसतील तर पीडीएफ पाठवा, विषय संपला. करायचे असतील आणि तो वर्डवर असेल तर खुशाल डॉक्स पाठवा, मूळ प्रत मात्र आपल्याकडे ओडीटीमध्ये ठेवा. समोरच्याची अडचण करून तत्त्व पाळल्याचं समाधान मिळतं, पण त्याला पुढच्या वेळी तुमचं नाव बघूनच कंटाळा येतो. तसं पाहिलं तर २००९ पासून वर्डही ओडीटी उघडतं; अडचण बहुतेक वेळा फोनवर किंवा अनोळखी एक्स्टेन्शन बघून बिचकलेल्या माणसापाशी असते. लिब्रेऑफिसमध्ये एक फारशी माहीत नसलेली सोयही आहे: पीडीएफ तयार करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ निवडलं तर त्या पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटी राहते. वाचणाऱ्याला साधी पीडीएफ दिसते, आणि तीच फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पुन्हा संपादन करता येते. संस्थेच्या ठरावांसाठी मी हेच सुचवतो.

एवढं झालं की सभेत एक छोटं प्रात्यक्षिक करा. एखाद्या ओडीटी फाईलची प्रत काढा, तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि ती उघडा. आत काही फोल्डर, चित्रं आणि ‘कंटेंट’ नावाची एक एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराची, फाईल दिसेल. ती नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्राममध्ये उघडा आणि शोधपट्टीत तुमच्या पत्रातलं एखादं वाक्य टाका. ते जसंच्या तसं, खुणांच्या मध्ये, वाचता येईल. उद्या जगातली सगळी ऑफिस पॅकेजेस बंद पडली तरी हा मजकूर कुणीही बाहेर काढू शकेल. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस ‘फॉरमॅट म्हणजे काय’ हे पुन्हा विचारत नाही.

इथे प्रामाणिक राहा. डॉक्सवर हाच प्रयोग केला तर तिथेही झिप आणि एक्सएमएलच निघतं, आणि तेही आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे. ओडीटी ज्यात मोडतं ते ओडीएफ २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने मंजूर केलं आणि २००६ मध्ये आयएसओने स्वीकारलं. डॉक्स ज्यात मोडतं ते ओओएक्सएमएल २००८ मध्ये आयएसओकडून मंजूर झालं. त्यामुळे ‘डॉक्स बंदिस्त आहे’ असं ठोकून देऊ नका. एखादा जाणकार ते खोडून काढेल आणि तुमचं बाकीचं बोलणंही पडेल. खरा फरक असा की ओओएक्सएमएलचा पहिला मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा होता, त्यात जुन्या वर्डच्या अनेक लकबी जपण्यासाठी ‘ट्रान्झिशनल’ असा एक प्रकार ठेवला गेला, आणि वर्ड आजही आपणहून त्याच प्रकारात फाईल जतन करतं. कागदावर मानक सगळ्यांचं असलं तरी ते हुबेहूब पाळणं एका कंपनीलाच सोपं जातं. फरक बारीक आहे, पण तुमची मांडणी विस्कटण्यात त्याचा वाटा आहे.

मानक खुलं आहे की नाही हे मी चार गोष्टींवरून ठरवतो. त्याचा मजकूर कुणालाही मिळतो का? ते वापरून प्रोग्राम लिहायला कुणाला पैसे द्यावे लागतात का? एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान दोन गटांनी ते चालवून दाखवलं आहे का? आणि पुढचे बदल कोण ठरवतं? दुसरी गोष्ट सहज निसटते. जीआयएफ चित्रं जगभर वापरात असताना, त्यातल्या माहिती दाबून लहान करण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट आहे आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांनी त्याचे पैसे द्यावेत, हे १९९४च्या अखेरीस पुढे आलं. त्या धक्क्यातून काही मंडळींनी पीएनजी हे चित्रांचं दुसरं मानक बनवलं आणि १९९६ मध्ये वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियमने त्याची शिफारस केली. सगळे वापरतात म्हणून एखादी गोष्ट सगळ्यांची होत नाही, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा उमगलं.

मराठी माणसाला खुल्या मानकाचं महत्त्व पटवायला मात्र आपल्या लिपीएवढं चांगलं उदाहरण नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं मानक, रुळण्याआधीचे देवनागरी फॉन्ट आठवा. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. पडद्यावर ‘संस्था’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ते काही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचं कडबोळं असे. फॉन्ट बदलला की ते कडबोळं उघडं पडायचं. शोध घेता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, दृष्टिहीनांसाठीचा वाचक प्रोग्राम त्यातलं अक्षरही वाचू शकत नसे. शिवाय प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी, म्हणजे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये निरुपयोगी.

मी असे जुने अहवाल युनिकोडमध्ये आणण्याचं काम बरंच केलं आहे, आणि त्यात नेमकं काय तुटतं ते सांगतो. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार अक्षरानंतर येते. ‘स्थिती’ या शब्दात तिला अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावं लागतं. रफार उलट दिशेने, अक्षराच्या मागून पुढे आणावा लागतो. आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आडवा र तर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या कन्व्हर्टरला माहीतच नसतो. तो ‘दर्या’ करून मोकळा होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. माणसाने प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. काही फाईलींच्या बाबतीत फॉन्टच सापडत नाही, मग छापील प्रत असेल तर ती पुन्हा टाईप करणं एवढाच मार्ग उरतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे. आज आपण कुठल्याही फोनवरून कुठल्याही फोनवर मराठी पाठवतो आणि ते पोचतं, शोधता येतं, वाचून दाखवता येतं, ते एका खुल्या मानकामुळे. तुमच्या संस्थेकडे त्या काळातल्या फाईली नक्की असतील. त्यातली एक सभेत उघडून दाखवा.

आता कोड कोण वाचणार हा सवाल. तो रास्त आहे, त्याला झिडकारू नका. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि पुढे त्या विचाराची मांडणी चार स्वातंत्र्यांत झाली: प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवणं, तो कसा चालतो ते अभ्यासणं आणि बदलणं, त्याच्या प्रती वाटणं, आणि बदललेल्या प्रतीही वाटणं. तुमचा सहकारी यातलं पहिलं आणि तिसरं रोज वापरतो. दुसरं आणि चौथं तो स्वतः वापरणार नाही, पण दुसरं कुणी वापरू शकतं याचा फायदा त्यालाही मिळतो. लिब्रेऑफिस हाच त्याचा पुरावा आहे. त्याआधीचं ओपनऑफिस हे ऑफिस पॅकेज सन कंपनीकडे होतं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, आणि प्रकल्पाचं पुढे काय होणार याची काळजी वाटलेल्या लोकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन करून तोच कोड लिब्रेऑफिस या नावाने पुढे नेला. ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ वाचली नव्हती, त्यांच्या फाईली आणि त्यांचं काम त्यामुळे अडलं नाही. कोड बंद असता तर कंपनीचा निर्णय हाच शेवटचा निर्णय ठरला असता.

कोड खुला म्हणजे तो सुरक्षितच, असं मात्र सांगू नका. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही गंभीर चूक २०१४ मध्ये उघड झाली, आणि तोवर ती सुमारे दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. वाचता येणं आणि कुणीतरी खरोखर वाचणं या दोन गोष्टी आहेत. दुसरीसाठी पैसे आणि माणसं लागतात.

म्हणूनच ‘फुकट आहे’ हा मुद्दा मी कधी पुढे करत नाही. फुकट म्हणून आणलेली वस्तू पहिल्या अडचणीला फेकली जाते, आणि प्रतिस्पर्ध्याने सवलत दिली की युक्तिवादच संपतो. वाचलेल्या पैशातला काही भाग शिकवणीवर आणि काही त्या प्रकल्पाला देणगी म्हणून खर्च करावा, असं सुरुवातीलाच बजेटमध्ये लिहून घ्या. ज्यावर आपलं काम उभं आहे त्याचा खर्च उचलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

बदलाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये आधी ओपनऑफिस घेतलं, पाठोपाठ फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आणले, आणि हे सगळं विंडोजवरच हाताला बसल्यावर २००८ पासून खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मुक्त सिस्टिम आणायला सुरुवात केली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने शेवटच्या टप्प्यात फार काही बदललंच नाही, कारण त्याचे रोजचे प्रोग्राम तेच होते. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत हजारो संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयात राजकारण होतं आणि संगणक विभागाच्या रचनेचे प्रश्नही होते; नुसत्या लिनक्सवर त्याचा दोष टाकता येत नाही. पण वरचा पाठिंबा बदलला की तांत्रिक यशही टिकत नाही, हे त्यातून घ्यावं. तुमचे अध्यक्ष त्यामुळेच महत्त्वाचे. त्यांना वगळून पुढे जाऊ नका.

ऑनलाइन सेवांबद्दल थोडक्यात. तिथे कोड दिसण्यापेक्षा बाहेर पडण्याचं दार महत्त्वाचं. गूगल रीडर ही निरनिराळ्या संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एका जागी वाचण्याची सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली, तेव्हा लोक आपण वाचत असलेल्या संकेतस्थळांची यादी ओपीएमएल या खुल्या फॉरमॅटच्या फाईलमध्ये घेऊन तशाच दुसऱ्या सेवांकडे गेले. बातम्या देणारी संकेतस्थळं आरएसएस या खुल्या मानकावर होती, त्यामुळे वाचन जिथल्या तिथे सुरू राहिलं. कुठलीही सेवा घेण्याआधी तिच्यातून पत्ते व्हीकार्डमध्ये, कॅलेंडर आयकॅलेंडरमध्ये आणि याद्या सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला वाचता येणाऱ्या साध्या खुल्या फॉरमॅटमध्ये, निघतात का, ते काढून बघा. ‘निघतात’ असं नुसतं लिहिलेलं पुरत नाही. काढलेली फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये भरून बघा. ईमेलसाठी आयमॅप (दुसऱ्या प्रोग्राममधूनही मेल वाचू देणारं खुलं मानक) चालतं का, तेही बघा.

अध्यक्षांपुढे जाताना लिब्रेऑफिसची बाजू मांडू नका. एक छोटा ठराव न्या: संस्थेचा नवा मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहिला जाईल, कायम ठेवायची कागदपत्रं ओडीएफमध्ये, आणि अंतिम झालेली पीडीएफमध्ये जतन होतील; आणि ज्यातून माहिती खुल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येत नाही असा प्रोग्राम किंवा सेवा यापुढे घेतली जाणार नाही. यात कुणाचा वर्ड काढून घेतलेला नाही. ठराव मंजूर झाला तर ज्यांना वर्ड हवं त्यांना ते परत द्या, आणि जतन करण्याचं डीफॉल्ट ओडीटी करून द्या. वर्डमध्ये ती सोय आहे. तुम्ही हरलात असं काही जणांना वाटेल, वाटू द्या. संस्थेची कागदपत्रं मोकळी झालेली असतील, आणि पुढच्या वेळी परवान्यांच्या नूतनीकरणाचा विषय निघेल तेव्हा बदलायचं की नाही हा खराखुरा पर्याय समितीच्या हाती असेल.

हिशेबाच्या मशीनला एवढ्यात हात लावू नका. तिथला प्रोग्राम लेखापरीक्षकाच्या सवयीचा असतो, करांचे नियम बदलले की त्यात लगेच सुधारणा येते, आणि त्या तोडीचं मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. तो संगणक आहे तसा चालू द्या. फक्त दर महिनाअखेरीस खातेवही सीएसव्ही आणि पीडीएफमध्ये बाहेर काढून ठेवण्याचं काम एका माणसाच्या नावावर लावा, आणि वर्षातून एकदा ती सीएसव्ही लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून बेरजा जुळतात का ते तपासायला सांगा.